सीमेवरच्या पोरांसाठी सरकारी खेळ?

डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावात काय घडले, ते एकापुढे एक मांडून बघायला हवे. सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन सुरू झाले. त्याच दिवशी सीमाभाग महाराष्ट्रात यावा अशी मागणी करणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा होता आणि तिथे समितीच्या एका ज्येष्ठ नेत्याच्या तोंडाला काळे फासले गेले. त्याचे पडसाद कोल्हापुरात उमटले, कन्नड झेंडा जाळल्याचा व्हिडिओ फिरला. मग बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई ओतल्याचा व्हिडिओ आला. त्या रात्री बेळगावात लोक रस्त्यावर उतरले, गाड्यांच्या काचा फुटल्या आणि पहाटेपर्यंत अनगोळमधल्या कन्नड वीर संगोळ्ळी रायण्णाच्या पुतळ्याची मोडतोड झाल्याची बातमी आली. चार-पाच दिवसांत चार-पाच घटना. प्रत्येक दोन घटनांच्या मधे एक छोटा व्हिडिओ, आणि तो व्हिडिओ पुढे ढकलणारे हजारो अंगठे.

त्यानंतर तुरुंगात गेले ते बहुतेक तरुण. मला या साऱ्या प्रकरणात सर्वांत जास्त छळते ती हीच गोष्ट. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेजिमेंटल सेंटरचे गाव. येळ्ळूर, कंग्राळी, उचगाव, हिंडलगा या गावांतली पोरे पहाटे उठून भरतीसाठी धावतात. दगडफेकीच्या गुन्ह्यात नाव आले की पोलीस पडताळणीत ते पोर अडकते. जामीन होतो, तारखा पडत राहतात आणि तोवर भरतीचे वय निघून जाते. ज्याने व्हिडिओ कापून, वर चार तिखट शब्द चिकटवून ग्रुपवर सोडला, त्याचे मात्र कुठल्याच कागदावर नाव नसते.

अशा वेळी कुणीतरी म्हणणारच की पोरे मोबाईलवर बिघडतात, तर मोबाईलवरच त्यांना सावरू. सरकारने एक चांगला ऑनलाइन खेळ काढावा. ही कल्पना हास्यास्पद नाही. जगात ती वापरून झाली आहे आणि २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना करमणुकीच्या आणि कौशल्याच्या खेळांना उत्तेजन द्यायचे ठरवले असल्याने आपल्याकडेही ती उद्या-परवा येऊ शकेल. म्हणून आधीच नीट विचार केलेला बरा. माझे म्हणणे असे आहे की सीमाभागात असा खेळ उपयोगी पडू शकतो, पण तो सरकारने सरकारच्या तोंडून सांगितलेला असेल तर उपयोगी पडणार नाही, उलट नुकसान करील. कारण इथे सरकार पंच नाही. इथे दोन्ही सरकारे भांडणातले पक्षकार आहेत.

ब्रिटनचे ताजे उदाहरण घ्या. हल शहर आणि ईस्ट रायडिंग या भागांतल्या स्थानिक प्रशासनासाठी 'पाथवेज' नावाचा खेळ तयार झाला. पाठबळ होते गृहखात्याच्या 'प्रिव्हेंट' या अतिरेकविरोधी योजनेचे. खेळणारा चार्ली नावाच्या विद्यार्थ्याच्या जागी असतो. नवे कॉलेज, नवे मित्र, आणि त्यांत जांभळ्या केसांची ॲमेलिया, जी त्याला स्थलांतरितांविरोधी निदर्शनांकडे ओढू पाहते. प्रत्येक प्रसंगी पर्याय येतात. चुकीचे पर्याय निवडत गेले की चार्लीचे प्रकरण 'प्रिव्हेंट'कडे जाते. जानेवारी २०२६ मध्ये या खेळाची देशभर चर्चा झाली आणि ज्यांच्यापासून मुलांना दूर ठेवायचे होते त्याच उजव्या टोकाच्या मंडळींनी ॲमेलियाला उचलून आपली नायिका केले. तिची चित्रे, तिचे व्हिडिओ यांचा पूर आला. सरकारने खलपात्र म्हणून घडवलेली मुलगी बंडखोरीचे प्रतीक झाली.

त्याआधी, फेब्रुवारी २०१६ मध्ये, अमेरिकेच्या एफबीआयने 'डोन्ट बी अ पपेट' हे संकेतस्थळ काढले होते. त्यात छोटे खेळ आणि प्रश्न होते. एकेक भाग पुरा केला की कठपुतळीची एकेक दोरी तुटायची. तिथल्या अरब आणि मुस्लिम संघटनांनी, शिक्षक संघटनांनीही आक्षेप घेतले. मुख्य भीती अशी की वर्गातल्या मुस्लिम मुलाकडे शिक्षक आणि सोबती संशयाने बघू लागतील आणि शाळा हेच पाळतीचे ठिकाण होईल. दोन्ही ठिकाणी हेतू खोटा नव्हता. धोकाही खरा होता. २०२३ च्या सुरुवातीला सिंगापूरच्या अंतर्गत सुरक्षा खात्याने एका १६ वर्षांच्या मुलाची माहिती जाहीर केली; तो रोब्लॉक्स या मुलांच्या खेळात आयसिसचे राज्य कल्पून उभारलेल्या जागांमध्ये रमत गेला होता. हिंसेच्या बाजूने खेळ वापरणारे सरकारच्या कितीतरी आधी तिथे पोचले आहेत. हिजबुल्लाने आपला युद्धखेळ २००३ मध्येच काढला होता. मग या सरकारी खेळांचे बिनसले कुठे?

माझ्या मते दोन ठिकाणी. पहिले, त्यांनी अतिरेकाला एका मुलाच्या चुकीच्या निवडीचा प्रश्न मानले. मुलाने बरोबर बटण दाबले की सुटला. त्याच्या मनातला राग कुठून आला, त्या रागात खरे काही आहे का, याला खेळात जागाच नव्हती. दुसरे, मतभेद आणि हिंसा यांच्यामधली रेघ त्यांनी पुसट केली. निदर्शनाला जाणे, एखादा अवघड प्रश्न विचारणे हेसुद्धा घसरणीच्या वाटेवरचे पाऊल ठरले. ज्याची सरकारला अडचण होते ते सगळे धोकादायक, असा अर्थ मुलांनी त्यातून काढला असेल तर त्यांना दोष देता येत नाही.

आता हे चित्र आपल्याकडे आणून बघा. १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे राज्योत्सव असतो आणि दुसरीकडे मराठी माणसे काळे कपडे घालून सायकल फेरी काढतात, काळा दिन पाळतात. कर्नाटक सरकारने काढलेल्या खेळात एका मराठी मुलापुढे पर्याय आला की 'मित्र तुला काळ्या दिनाच्या फेरीला बोलावतो आहे, काय करशील?' तर खेळाच्या लेखी बरोबर उत्तर कोणते? सत्तर वर्षे लोक सनदशीर मार्गाने करत आलेली गोष्ट तिथे लाल रंगात दाखवली गेली, तर तो मुलगा खेळ तिथेच बंद करील, आणि त्यात नंतर येणारी चांगली शिकवणही त्याच्यापर्यंत पोचणार नाही. उलट महाराष्ट्र सरकारने काढलेला खेळ बेळगावच्या सदाशिवनगरातल्या कन्नड मुलाने उघडला तर त्यालाही हाच संशय येईल. २००४ पासून सीमाभागाबद्दलचा महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे, समोर प्रतिवादी कर्नाटक आहे. महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल एकाला शिरोधार्य, दुसऱ्याला अमान्य. ज्यांच्यात असा वाद आहे त्यांच्यापैकी एकाने उठून मुलांना निःपक्ष वागण्याचे धडे द्यायचे, हे मुलांना पटणार नाही.

येळ्ळूरची गोष्ट इथे सांगायलाच हवी. वेशीवरचा 'महाराष्ट्र राज्य येळ्ळूर' हा फलक जुलै २०१४ मध्ये प्रशासनाने काढला, तो पुन्हा उभारला गेला, आणि मग पोलीस घरांत शिरून लाठ्या चालवत असल्याची दृश्ये सगळ्या मराठी वाहिन्यांवर दिसली. त्या वेळी जी मुले दहा वर्षांची होती ती आज विशीत आहेत. हिंसा वाईट असते हे त्यांना सांगण्याचा अधिकार कुणालाही आहे. मात्र वर्दीतल्या हिंसेबद्दल गप्प राहणाऱ्या खेळाला तो उरत नाही.

सीमाभागात एका प्रकारचा अतिरेक नाही. भाषेचा आहे, तो सगळ्यांना दिसतो: ६ डिसेंबर २०२२ ला हिरेबागेवाडी टोल नाक्यावर महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले, फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कंडक्टरला झालेल्या मारहाणीनंतर दोन्ही राज्यांच्या बसगाड्यांना काळे फासले गेले आणि हजारो प्रवाशांचे, त्यांतही कॉलेजच्या पोरापोरींचे, हाल झाले. पण धर्माच्या नावाने चालणारा अतिरेकही इथून दूर नाही. निपाणीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या कोल्हापुरात जून २०२३ मध्ये काही मुलांनी ठेवलेल्या मोबाईल स्टेटसवरून बंदची हाक आली आणि ७ जूनला शहरात दगडफेक, लाठीमार आणि इंटरनेटबंदी असे सगळे झाले. त्याच कोल्हापुरात फेब्रुवारी २०१५ मध्ये कम्युनिस्ट नेते गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. सहा महिन्यांनी धारवाडात विचारवंत एम. एम. कलबुर्गी मारले गेले, दोन वर्षांनी बेंगळुरूत पत्रकार गौरी लंकेश. लंकेश हत्येचा तपास करणाऱ्या विशेष पथकाचे म्हणणे आहे की संशयितांनी पिस्तूल चालवण्याचा सराव खानापूर तालुक्यातल्या रानात केला. आपल्या पावसाळी सहलींच्या रानात. आम्हा सीमावासीयांना भाषेच्या भांडणात हे दुसरे दिसेनासे होते, म्हणून मी मुद्दाम लिहितो आहे.

हे दोन अतिरेक वेगळे असले तरी पोरगा त्यात ओढला जातो ती पद्धत फारशी वेगळी नसते. इथे केंब्रिज विद्यापीठाशी जोडलेल्या एका गटाचे काम मोलाचे आहे. यॉन रोझेनबीक आणि सँडर व्हॅन डर लिंडेन यांनी २०१८ मध्ये एका डच संस्थेसोबत 'बॅड न्यूज' हा खेळ काढला. त्यात खेळणाऱ्याला उपदेश मिळत नाही, त्याला स्वतःच खोट्या बातम्यांचा कारखाना चालवायचा असतो. दुसऱ्याचे नाव घेऊन बोलणे, भावना पेटवणे, लोकांत फूट पाडणे, कटाच्या कथा रचणे अशा युक्त्या वापरून अनुयायी वाढवायचे. पुढे त्याच धर्तीवर 'रॅडिकलाइज' हा खेळ झाला. त्यात खेळणारा एका काल्पनिक अतिरेकी संघटनेचा भरतीप्रमुख होतो. ही संघटना ध्रुवावरचा बर्फ उडवून द्यायला निघालेली, म्हणजे जगातल्या कुठल्याही धर्माशी, भाषेशी जिचा संबंध नाही अशी. त्याला चार पायऱ्या चढायच्या असतात: एकटा, दुखावलेला माणूस हेरायचा, त्याचा विश्वास मिळवायचा, त्याला घरच्यांपासून, मित्रांपासून तोडायचे, आणि मग कृतीला लावायचे. खेळून झाल्यावर लोकांना अशा डावपेचांची लिखित उदाहरणे दाखवली तेव्हा ती ओळखण्यात ते सरस ठरले, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. विल्यम मॅकग्वायर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात मांडलेला विचार यामागे आहे: देवीच्या लशीसारखा फसवणुकीचाही सौम्य डोस आधी टोचावा, म्हणजे खरी आली की मन तिला ओळखते.

या लशीचा परिणाम काळाबरोबर ओसरतो, उजळणी लागते, हेही याच संशोधकांच्या नंतरच्या कामातून दिसले आहे. आणि डावपेच ओळखता आला म्हणून मोहाच्या क्षणी हात आवरेलच, असे कुठला अभ्यास छातीठोकपणे सांगत नाही. तरीही हा मार्ग मला आपल्यासाठी योग्य वाटतो. तो मुलाला गुन्हेगार होण्याच्या मार्गावरचा मुलगा मानत नाही. तो त्याला हुशार मानतो आणि पडद्यामागे नेऊन दोऱ्या कोण हलवतो ते दाखवतो.

आमच्याकडे पडदा खूप जाड आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दोन्ही मुख्यमंत्र्यांना दिल्लीत बोलावून बैठक घेतली, तेव्हा बाहेर येऊन त्यांनी सांगितले की मोठ्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांनीही हा वाद भडकवला. हे विधान देशाच्या गृहमंत्र्यांचे आहे. ते खरे असेल, तर ज्या मजकुरावरून लोक भडकले त्यातला काही भाग, ज्याच्या नावाने तो फिरला त्या माणसाचा नव्हताच. असे एक प्रकरण मुळापासून उलगडून दाखवले असते, कुठले खाते, कधी उघडले, कोणत्या वाक्यावर किती लोक तुटून पडले, तर शंभर भाषणांचे काम झाले असते. ते झाले नाही. सरकारला खेळ काढण्याआधी करता येण्यासारखे पहिले काम हे आहे: जे माहीत आहे ते लोकांसमोर ठेवणे.

मग खेळ असावा कसा? मी कल्पना करतो ती अशी. एक गाव, नकाशावर नसलेले. त्यात एक तळे, तळ्याला दोन आळ्या दोन नावांनी हाका मारतात. खेळणारा एका ग्रुपचा ॲडमिन आहे. त्याला सदस्य वाढवायचे आहेत, कारण निवडणूक जवळ आली आहे आणि जास्त सदस्य असलेल्या ॲडमिनला तिकिटाची आशा आहे. त्याच्या हाती एक व्हिडिओ येतो, दीड मिनिटाचा. पूर्ण टाकला तर कुणी बघत नाही. मधला अकरा सेकंदांचा तुकडा टाकला की ग्रुप उसळतो. दुसऱ्या गावातला जुना फोटो 'आत्ताचा' म्हणून टाकला की आणखी शंभर जण. मग एका रात्री तळ्यावरची पाटी फुटते. इथून खेळ दुसऱ्या बाजूने दिसायला लागतो. पाटी फोडणारा १९ वर्षांचा पोरगा आता खेळणाऱ्याच्या हाती येतो. त्याच्या कोर्टातल्या पहिल्या तारखेचा दिवस आणि भरतीच्या धावण्याचा दिवस एकच. ॲडमिनला फोन लावला तर तो 'मीटिंगमध्ये आहे'. वकिलाची फी वडिलांनी बैल विकून भरली. आणि तिसऱ्या फेरीत खेळणारा पलीकडच्या आळीतला असतो, तिथेही तसाच ॲडमिन, तसाच अकरा सेकंदांचा तुकडा.

यात शिवाजी महाराज नाहीत, रायण्णा नाही, टिपू नाही, औरंगजेब नाही. खरी नावे आली की मूल बाजू घेते आणि शिकायचे थांबते. बर्फाच्या संघटनेमागचे शहाणपण हेच आहे. खरा इतिहास वर्गात बोलावा, आणि तोही पुरा बोलावा. रायण्णाला इंग्रजांनी २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिली ती नंदगडला, खानापूर तालुक्यातल्या मराठी बोलणाऱ्या गावात, आणि तिथली समाधी मराठी-कन्नड दोन्ही माणसे पूजतात. हे अनगोळच्या त्या रात्री रस्त्यावर उतरलेल्या किती पोरांना शाळेत कुणी सांगितले होते?

खेळ मराठी, कन्नड आणि उर्दू तिन्हींत हवा, आणि तो एकच हवा, म्हणजे दोन आळ्यांतली मुले एकमेकांना 'तू कुठल्या फेरीत अडकलास' असे विचारू शकतील. खेळायला नाव-नंबर द्यावा लागू नये. कोण किती वेळा 'चुकला' याची नोंद कुठेच राहू नये, शाळेकडे नाही, पोलिसांकडे तर नाहीच. ही माझी सर्वांत आग्रहाची अट आहे. मुलाने खेळात भडकवून बघितले म्हणून त्याचे नाव एखाद्या यादीत गेले, एवढे एकदा जरी झाले, तरी पुढची दहा वर्षे कुणी त्या खेळाला हात लावणार नाही आणि लावूही नये. पैसा सरकारचा असायला हरकत नाही, तो आपलाच आहे. पण घडवणारे हात शिक्षकांचे, विद्यार्थ्यांचे, चित्रकारांचे असावेत. बेळगाव परिसरात अभियांत्रिकीची महाविद्यालये आहेत, विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठाचे मुख्यालयच इथे आहे. असा खेळ लिहायला बाहेरून माणूस आणावा लागणार नाही.

आणि खेळण्याची आवड तर इथल्या मातीत आहे. दिवाळीत बेळगावच्या गल्लीगल्लीत पोरे मातीचे किल्ले करतात; नुसता ढिगारा नाही, राजगड असेल तर संजीवनी माची कुठे आणि सुवेळा कुठे, यावर रात्र-रात्र वाद घालून केलेले. ही पोरे पुस्तक उघडतात, नकाशा बघतात, प्रत्यक्ष गडावर जाऊन येतात. त्यांना कुणी अभ्यास करा म्हटलेले नसते. सरकारी खेळ घडवणाऱ्यांनी आधी हे बघावे, म्हणजे कळेल की मुले माहितीला कंटाळत नाहीत, आधीच ठरवलेल्या उत्तराला कंटाळतात.

माझ्याशी वाद घालणारा विचारील की तुम्ही सरकारला बाजूला सारता, मग पोरांना आवरणार कोण? मी सरकारला बाजूला सारत नाही. त्याचे काम दुसरे आहे असे म्हणतो. राग निघायला सरळ वाट असली तर तो दगडातून निघत नाही, हे याच भागाने दाखवले आहे. मार्च १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकरी निपाणीत महामार्गावर बसले. तीन आठवड्यांहून अधिक काळ. मराठी बोलणारे आणि कन्नड बोलणारे, खेड्याखेड्यांतून बैलगाड्या घेऊन आलेले, एकाच रस्त्यावर जेवले आणि झोपले. त्यांच्यात कितीतरी तरुण होते. तंबाखूचा भाव हा प्रश्न सगळ्यांचा होता, म्हणून भाषा आड आली नाही. ६ एप्रिलला पोलिसांनी आंदोलन मोडून काढले, गोळीबार झाला, डझनभर शेतकऱ्यांचे प्राण गेले. त्या आंदोलनात अतिरेक कुणाचा होता, हे निपाणीच्या माणसाला विचारून बघा.

सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ साली राज्यघटनेत ३५०-अ आणि ३५०-ब ही कलमे आली. पहिल्याने भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून देण्याची सोय करायला सांगितली, दुसऱ्याने त्यांच्या हक्कांवर लक्ष ठेवणारा अधिकारी नेमला. मराठीतून कागदपत्रे मिळावीत ही मागणी घेऊन इथले लोक किती वर्षे निवेदने देत आहेत, हे बेळगावच्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्यांना विचारावे. सातबाऱ्याचा उतारा आपल्याला वाचता येत नाही म्हणून दुसऱ्याच्या हातापाया पडणारा बाप ज्या मुलाने बघितला, त्याला अकरा सेकंदांचा व्हिडिओ लवकर पेटवतो. कर्नाटकाने उतारा दोन लिप्यांत छापला तर त्याचे राज्य कुठे कमी होणार नाही. आणि महाराष्ट्रानेही सोलापूर, जत, अक्कलकोटकडच्या कन्नड शाळांना शिक्षक वेळेवर दिले पाहिजेत. आपल्या अंगणात जे करत नाही ते दुसऱ्याकडे मागताना आवाज पडतो.

प्रयोग कुठून सुरू करावा, असे कुणी विचारले तर मी निपाणीचे नाव घेईन. निपाणी शहर कर्नाटकात आणि त्याला लागूनच असलेले देवचंद महाविद्यालय अर्जुननगरात, म्हणजे महाराष्ट्रात, शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. तिथे रोज मुले-मुली चालत राज्याची हद्द ओलांडून वर्गात येतात आणि दुपारी परत जातात. त्यांना तीन महिने द्यावेत, दोन्ही भाषांचे शिक्षक सोबत द्यावेत, आणि खेळ त्यांनाच लिहू द्यावा. त्यात पोलीस कसे दाखवायचे, नेते कसे दाखवायचे, दोन्ही सरकारे कशी दाखवायची, हे ती ठरवतील. तो मसुदा बेंगळुरू आणि मुंबईतल्या अधिकाऱ्यांना रुचला नाही तरी त्यांनी त्यातली एक ओळ बदलू नये, एवढे लेखी घेतल्याशिवाय मात्र कुणी या कामाला हात घालू नये.